उतारापुरती बंडी

वेल्ह्याची थंडी चढताना भेटतच नाही. खानापूर सोडून रांजण्याच्या बाजूने सायकलवर पाबे घाट चढू लागलं की डिसेंबरातही कपाळावरून घाम ओघळतो, जर्सीची चेन पोटापर्यंत खाली येते आणि पहाटे एवढे कपडे कशाला चढवले असं होऊन जातं. खिंडीत ऊन असतं. तोरणा नि राजगड दोन्ही समोर. माणूस खूश होऊन दोन फोटो काढतो आणि तसाच ओला उताराला लागतो.

फसगत इथेच होते. रात्री डोंगरउतारांवरची हवा थंड होते, जड होते आणि परातीत पाणी साचावं तशी खोऱ्याच्या तळाशी साचून राहते. सकाळी खिंड उबदार आणि खालची भातखाचरं गारठलेली, असा उलटा प्रकार. 10 अंशांची हवा ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला 6 अंशांसारखी लागते, असं हवामानशास्त्राचं गणित सांगतं. तेही कोरड्या कातडीचं. घामाचा प्रत्येक ग्रॅम वाळताना 2400 ज्यूलच्या आसपास उष्णता घेऊन जातो, ते वेगळंच. छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आखडतं घेतं. मग बोटं वळत नाहीत, आणि नेमकं पुढच्या वळणावर ब्रेक दाबायचा असतो. हात गरम ठेवायचे तर आधी छाती झाका, बाह्या नसल्या तरी चालेल, हे त्यामुळेच.

युरोपातल्या शर्यतींत घाटमाथ्यावर प्रेक्षकांच्या हातातलं वर्तमानपत्र घ्यायचं आणि जर्सीत कोंबून उतरायचं, अशी जुनी रीत. आपल्याकडे ती कुणी शिकवावी लागली नाही. नसरापूरच्या वाटेवर दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटारसायकलवाल्या मामांनी मला शर्टाची दोन बटणं काढून दाखवलं. आत कालचा पेपर, आडवी घडी, खालची कड पट्ट्यात घट्ट खोचलेली. “पाठीला नाय घालायचा,” ते म्हणाले, “पाठ उकाळती. म्होरनंच वारं येतं की.”

विंडचीटर विकणाऱ्यांनी या मामांना सल्लागार नेमायला हरकत नाही. चांगल्या सायकलबंडीची सगळी हुशारी तीच आहे: पुढे घट्ट विणीचं पातळ नायलॉन, मागे नुसती जाळी. पाठीलाही तेच नायलॉन असलं तर घाम आत कोंडतो आणि भोरला पोचेपर्यंत माणूस उकडून निघतो. वजन 100 ग्रॅमच्या आतबाहेर असावं, गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात जावी. मला विचाराल तर हीच अट सगळ्यांत मोठी. जी बंडी जड म्हणून घरी राहते ती कितीही वारा अडवत असली तरी मांढरदेवीहून भोरकडे उतरताना तिचा उपयोग काय?

वॉटरप्रूफच्या मागे मात्र लागू नये. वरंध घाटात पाऊस वाऱ्याबरोबर खालून वर येतो, तिथे बंडीची काय कथा! लावणीला वाकलेल्या माणसाची पाठ आभाळाकडे असते, म्हणून या मावळपट्टीत इरलं पाठ झाकायचं. सायकलवाल्याला झाकायची ती छाती. पावसाला पाऊस म्हणून भिजावं, नाहीतर त्या दिवशी घरी बसावं. रंग भडक घ्या, भाटघर धरणाच्या काठाने धुक्यातून जाताना समोरच्या ट्रकला तुम्ही दिसायला हवेत.

आणि दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून बंडी बघू नका, तशी ती सगळ्यांनाच शोभते. एखाद्या स्टुलाला हँडल समजून पुरते वाका. पाठीमागे कंबर उघडी पडते का, पुढे पोटावर कापडाचा फुगा होतो का ते बघा. फुगा झाला तर एक माप लहान मागा, कारण उतारावर तो फुगा फडफड करून डोकं उठवतो. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे, एक हात मागे नेऊन ती खिशात कोंबता येते का, तेही त्याच्यासमोरच करून बघा.