उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते : वहन, अभिसरण आणि प्रारण. विज्ञान शिकविताना हे वाक्य आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते तितक्याच निष्ठेने वहीत उतरवून घेतले. परीक्षेत त्याचे दोन गुण मिळाले की त्या वाक्याचे काम संपे. सळईचे एक टोक तापविले की दुसरे टोक गरम होते, हे वहन. चंचुपात्रातले पाणी तळाशी तापून वर येते, हे अभिसरण. सूर्याची उष्णता पोकळीतून आपल्यापर्यंत पोहोचते, हे प्रारण. एवढे पाठ असले म्हणजे धडा झाला, असे पालकही समजत. परंतु या धड्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या घरच्या माउलीला तो कोणी समजावून सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

भाताच्या टोपाचेच पाहा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २९४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी पुढे सगळे वाफ होऊन उडून जायचे, तर आणखी २,२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट! शाळेत हिला अप्रकट उष्मा म्हणतात. आता गंमत अशी, की उघड्या टोपातले पाणी उकळू लागल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी ते १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. भात शिजतो तो त्या अंशांवर. ज्वाळेच्या उंचीवर नव्हे. मोठ्या ज्वाळेने फक्त वाफ अधिक होते आणि ती खिडकीतून बाहेर जाते. उकळी आली की आच मंद करावी आणि टोपावर झाकण ठेवावे, एवढाच याचा अर्थ. प्रेशर कुकर याच्या पुढचे पाऊल टाकतो. वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि तुरीची डाळ लवकर नरम पडते. या भांड्याचा पूर्वज देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली तयार केला होता. आपल्या स्वयंपाकघरात ते यायला पुढची जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली.

तीन दगडांच्या चुलीबद्दल जुन्या माणसांना माया असते. त्या चुलीवरच्या कालवणाची चव आम्हांसही आठवते. पण हिशेब हिशेबाच्या जागी. उघड्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा उष्णता भांड्यात शिरते. उरलेली गरम हवेबरोबर वर जाते, भिंतींना आणि फुंकणी धरून बसलेल्या बाईच्या तोंडाला लागते, धूर वेगळाच. बव्हेरियाच्या दरबारी नोकरीत असलेल्या काउंट रम्फर्डने १७९० च्या दशकात हेच ओळखून गोरगरिबांच्या भोजनगृहांसाठी बंदिस्त चुली बांधविल्या. तोफेची नळी कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरचा त्याचा १७९८ चा निबंध पाठ्यपुस्तकांत आला; त्याच्या चुली मात्र आल्या नाहीत. आमच्याकडचा तांब्याचा बंब हाही त्याच जातीचा शहाणा. विस्तव मध्ये नळीत आणि पाणी सभोवती, त्यामुळे निखाऱ्यांच्या उष्णतेला पाण्याला भेटल्यावाचून बाहेर पडता येत नाही. नारळाच्या चार करवंट्यांवर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होत. हा बंब ज्या अनाम कारागिराने प्रथम घडविला, त्याला आम्ही मनोमन प्राध्यापकाची पदवी देऊन टाकली आहे.

परंतु ज्या कारणाने आम्हांला हा धडा पुन्हा उघडावा लागला, ते कारण चुलीचे नव्हे, छपराचे.

आमचे वसईतले कौलारू घर पाडून आम्हां भावंडांनी दुमजली बंगला बांधला. खालच्या मजल्यावर धाकट्या भावाचे बिऱ्हाड, वर आम्ही आणि आई. आईचे वय ८६. पहिल्याच वैशाखात तिची झोप गेली. मध्यरात्री उठून ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसे आणि म्हणे, “अरे, छप्पर अंगावर श्वास टाकतंय.” डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि तिला रात्री उकाड्यात ठेवू नका, असे बजावले. भावाचे मत, आजच्या आज ए.सी. बसवावा. आमचे मत, आधी त्या श्वासाचे कारण पाहावे. या मतभेदात दोन-तीन दिवस घरात जेवणे मुकाट्याने झाली, हेही येथे सांगायला हवे.

आईचे वर्णन शास्त्राला धरून होते. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला सुमारे ४० किलो. (ही कौले मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून निघू लागली.) ती उन्हात तापतात खरी, पण त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, खाली माळा आड येतो आणि सूर्य मावळला की ती थोड्याच वेळात निवतात. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोंचा. दहा चौरस मीटरच्या खोलीवरचा स्लॅब दिवसभरात सरासरी दहाच अंशांनी तापला, तरी त्यात सुमारे २७,००० किलोज्यूल उष्णता साठते, म्हणजे विजेची साडेसात युनिटे. त्यातली काही वर आकाशाकडे जाते, उरलेली रात्रभर प्रारणाने खाली अंथरुणावर उतरते. पंखा येथे अपुरा पडतो. पंखा हवेला थंड करीत नाही. घाम वाळवून अंगाला थंड करतो. आमच्या दमट हवेत घाम वाळतोच कुठे? रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात घ्यावे, की तो त्या खोलीत किंचित भरच घालतो.

ए.सी.चा आम्हांला विटाळ नाही. ते यंत्र मोठे हुशार आहे. ते उष्णता उचलून बाहेर नेते, त्यामुळे एक युनिट विजेत तीन युनिटे उष्णता हलवू शकते. त्याचा ‘टन’ म्हणजे एक अमेरिकी टन, ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढे काम. पण वरून शेगडी पेटती ठेवून खाली ए.सी. लावणे म्हणजे गळक्या होडीतले पाणी उपसत बसणे. आधी भोक बुजवावे.

म्हणून गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा निम्म्याहून अधिक भाग परत फेकतो, करडे काँक्रीट बहुतेक गिळते. आईच्या खोलीवर बांबूंचा मांडव घालून वाडीतल्या झावळ्या पसरल्या. स्लॅब आणि झावळ्या यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी जागा ठेवली. अहमदाबादेने २०१३ साली उष्माघाताविरुद्ध कृती-आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे चुन्याने रंगविली. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आमचा उद्योग त्यांच्या मानाने किरकोळ. तरी रात्री दहा वाजता छताखाली टांगलेल्या तापमापकातला पारा तीन अंशांनी उतरला. आई जिन्यावर यायची थांबली नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री येते. मेमधल्या फारच कठीण रात्रींसाठी भावाने शेवटी लहानसा ए.सी. बसविलाच, आणि आम्ही हरकत घेतली नाही. तो २६ अंशांवर लावतो, पहाटे बंद करतो.

चुना मात्र पावसाळ्यात धुऊन जातो. त्यात थोडा चिकटा घातला तर बरा टिकतो, तरीही दर वर्षी नवा हात द्यावा लागतो. झावळ्यांच्या रविवारापूर्वी ते काम उरकून घेतलेले बरे. त्यानंतर दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही.