मोत्याचे अलंकार

आमच्या घरात सध्या सर्वांत भरलेली पेटी कोणाची असेल, तर ती माझ्या पत्नीची नव्हे आणि माझी तर नव्हेच नव्हे. ती आमच्या मोत्याची आहे. गळ्याचे पट्टे, साखळी, दोन जातींचे ब्रश, शांपूच्या तीन बाटल्या, चार पायांचे चार बूट, एक रेनकोट आणि उन्हाळ्यात अंग निववणारी एक गादी, एवढा सरंजाम तीत आहे. एवढ्यावरून मोत्या कोणी विलायती कुळातला असावा अशी वाचकांची समजूत होईल. पण तसे मुळीच नाही. चंद्रपूरच्या कुठल्याशा उकिरड्यावर त्याचा जन्म झाला असावा. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तो आमच्या फाटकातून आत आला आणि जणू घराची कागदपत्रे आपल्याच नावावर आहेत अशा मुद्रेने पायपुसण्यावर निजला. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने त्याचे छायाचित्र पाहिले मात्र, दुसऱ्याच आठवड्यापासून घरपोच पुडकी येऊ लागली. "बाबा, हे सगळं त्याला लागतंच," असा तिचा प्रत्येक वेळी निरोप असे. मी जन्मभर पुस्तकांची परीक्षणे केली. उतारवयात कुत्र्याच्या प्रसाधनांचे परीक्षण करण्याचा योग माझ्या कुंडलीत होता, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

आरंभ स्नानापासून झाला. पहिली अंघोळ मी त्याला माझ्याच साबणाने घातली. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या या गावात कुत्र्याच्या अंगावरून निघालेले पाणी शाईसारखे काळे असते. ते पाहून मला आपल्या कर्तृत्वाचा फार अभिमान वाटला. मग मी दर रविवारी त्याला न्हाऊ घालू लागलो. महिन्याभरात त्याच्या पाठीला कोंडा सुटला आणि रात्रंदिवस खाजवण्याचा एक नवा उद्योग त्याला मिळाला. पशुवैद्यांनी माझीच शिकवणी घेतली. माणसाची त्वचा थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची तशी नसते. जे आपल्याला मानवते ते त्याला कोरडे पाडते, आणि वारंवार धुण्याने त्याच्या अंगचे नैसर्गिक तेल निघून जाते. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याच्यासाठी केलेल्या शांपूने स्नान आणि एरवी रोज ब्रश, असा नेम ठरला. त्या पेटीतला ब्रश हा एकच पदार्थ असा आहे की, तो पाहताच मोत्या स्वतः होऊन पाठ पुढे करतो.

यानंतर बूट आले. आमच्या उन्हाळ्याची कीर्ती महाराष्ट्रभर पसरलेली आहे. मे महिन्यात पारा कधी कधी ४७ अंशांच्याही पलीकडे जातो, आणि तेव्हा डांबरी सडकेवर अनवाणी पाऊल ठेवण्याची छाती कोणाची होणार? बूट चढवले. मोत्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग पायांकडे पाहिले, आणि बगळ्यासारखा एक एक पाय उंच उचलीत तो अंगणात चालू लागला. शेजारची मुले हसून लोळू लागली. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यत्वे तळपायांच्या गादीतून, तोही थोडा. त्याचा खरा पंखा म्हणजे बाहेर काढलेली जीभ. उन्हाळ्यात त्याचे तळपायच मी कोंडून ठेवले होते. उपाय अगदी साधा निघाला. हाताची मागची बाजू सात सेकंद सडकेवर टेकवता आली नाही तर कुत्र्याला बाहेर काढू नये, असा एक नियम आहे. तो पाळू लागल्यावर बूट पेटीत गेले आणि आम्ही दोघे सूर्योदयापूर्वी फिरावयास निघू लागलो. मला डॉक्टरांनी दहा वर्षे सांगून जे साधले नव्हते, ते चार बुटांनी साधले. थंडाव्याच्या गादीचे आयुष्य एका दुपारचे ठरले. मोत्याने तिचा एक कोपरा फाडून आतील द्रव्याची पाहणी केली, आणि मग कूलरच्या झोतासमोर अंथरलेल्या ओल्या गोणपाटावर जाऊन तो स्वस्थ निजला.

येथवर विनोद होता. पुढल्या दोन गोष्टींत तो नाही.

पहिली गोष्ट गोचिडांची. आधी भुकटी आणली, मग मानेवर टाकावयाचे थेंब आणले, मग गोचीड मारणारा पट्टा आणला. बाटलीवरील बारीक अक्षरे मी भिंग लावून वाचली हे बरे केले. कारण यांतल्या काही औषधांतील पर्मेथ्रिन नावाचे द्रव्य कुत्र्याला चालते पण मांजराला प्राणघातक ठरते, आणि शेजारची मनी मोत्याच्या कुशीत निजत असे. ती बाटली मी बाजूला ठेवली. एवढे करूनही गोचीड संपेनात. कारण ते केवळ कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते. मी कुत्रा धूत होतो आणि शत्रू भिंतीत होता. एके दिवशी मोत्याने अन्न सोडले, अंग तापले, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. गोचिडांमुळे होणारा तो ताप होता. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. चार आठवडे गोळ्या चालल्या. त्या दिवसांत पहाटे उठून मी प्रथम त्याच्या पोटाची हालचाल पाहत असे. तो वाचला. मग गवंडी बोलावून आम्ही व्हरांड्याच्या साऱ्या भेगा बुजवल्या. मोत्यासाठी केलेल्या खर्चांत सिमेंटचे अर्धे पोते हा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. आमच्या बागेत काम करणारे आजोबा मूळचे गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीकडचे. मोत्याच्या गळ्यातला पुण्याहून आलेला जाड चामड्याचा पट्टा आणि पोलादी साखळी पाहून ते एकदा म्हणाले, "सर, हा पट्टा कुत्र्याच्या कामाचा नाही. तुमच्या हाताच्या कामाचा हाये. रातच्याले त्याले बांधू नका."

मी हसलो. हसावयास नको होते. आमचे घर शहराच्या कडेला, दुर्गापूरच्या अंगाला आहे. तेथे व आसपास २०२२ साली वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसेही दगावली होती. बिबट्याला कुत्रा किती प्रिय, हे तर पुस्तकांतही आहे. नगरकडील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे वजनाच्या हिशेबाने त्यांच्या भक्ष्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. हे सारे मी वाचले होते. आणि तरीही मोत्याला रात्री व्हरांड्याच्या खांबाला बांधीत होतो, कारण तो मोकळा असला की फुलझाडे उकरी.

पौषातली रात्र होती. त्या दिवशी मोत्याला स्नान घातल्यामुळे चामड्याचा पट्टा वाळत पडला होता. म्हणून गळ्यात आठवडी बाजारातला एक हलका पट्टा घातला होता. त्याचा प्लास्टिकचा चाप इतका तकलादू की, मी त्याला रोज नावे ठेवी. मध्यरात्री मोत्या भुंकला नाही, किंचाळला. दार उघडतो तो तो माझ्या पायांतून आत घुसला आणि देवघराच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला. कुंपणाच्या भिंतीवरून काहीतरी लांब आणि जड असे पलीकडे उतरल्याचे मला दिसले. सकाळी आजोबांनी मातीतील ठसे दाखवले. खांबाला साखळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला तो तुटका चाप होता.

मी पुष्कळ वेळ ती साखळी हातात घेऊन उभा होतो. मचाणावर बसणारे शिकारी झाडाखाली बकरी बांधीत, हे मी वाचले होते. मी दुसरे काय करीत होतो? ज्याला मी त्याचे भूषण म्हणत होतो तो मजबूत पट्टा त्या रात्री जागेवर असता, तर त्याच्या मजबुतीनेच मोत्याचा घात झाला असता. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात. कारण बिबट्या गळाच धरतो. तो पट्टा कुत्र्यासाठी असतो. माझा पट्टा माझ्या फुलझाडांसाठी होता. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्री असतात, आणि युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत गेला; त्यांना कोणी बांधून नेल्याचे मी ऐकले नाही.

आता मोत्या रात्री घरात निजतो. फिरताना पट्टा असतो, कारण रस्त्यावर मोटारी असतात आणि भिणारी माणसेही असतात. त्याचा खरा दागिना मात्र कपाटात आहे: लसीकरणाचे पिवळे कार्ड. पिसाळीची लस माणसांसाठी जितकी, तितकी डिस्टेंपरची लस आमच्या रानासाठी आहे. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत त्या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, आणि तो पाळीव कुत्र्यांकडून आल्याचे मानले जाते. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही तोच विषाणू सापडला. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्याने बिबट्यापासून कुत्र्याला जपावे हे खरेच. पण आपल्या कुत्र्यापासून रानालाही जपावे, हा त्याच कर्तव्याचा दुसरा अर्धा भाग होय.

राहिला रेनकोट. मोत्याने तो एकदाच अंगावर घेतला आणि भर पावसात पुतळ्यासारखा उभा राहिला. पुढे आजोबा गावी जावयास निघाले, तेव्हा त्यांची नजर त्या पेटीवर गेली. त्यांच्या शेळीला आषाढात पिलू झाले होते आणि गोठा गळत होता. परत आल्यावर ते सांगू लागले, "सर, पिलाले बराबर झाला. भिजलंच नाही ना!" मी कन्येस तसे कळवले. पुढच्या पुडक्यात दोन रेनकोट आले, त्यांवर तिच्या अक्षरात लिहिले होते, "शेळीसाठी."