पंच्याहत्तर हजारांची यादी

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. कलाकृतीचे घटक सुटेसुटे मोजून तिचे मूल्य ठरत नाही, हे वाक्य आम्ही साहित्यशास्त्राच्या तासाला इतक्या वेळा उच्चारले आहे की, त्याचा अर्थ काय याचा विचार करणे आम्ही बहुधा सोडूनच दिले होते. तो विचार नव्याने करावा लागला 2023 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर, कन्येने पुढे ठेवलेल्या एका यादीमुळे. यादी होती गेमिंगसाठी घरी जुळवायच्या संगणकाच्या सुट्या भागांची.

थोडे मागे जायला हवे. टाळेबंदीच्या काळात कन्या मोबाइलवर मैत्रिणींबरोबर खेळू लागली आणि आम्ही, ज्यांची हयात 'कल्पित विश्वात रमण्याचे' समर्थन करण्यात गेली, तिच्या रमण्यावर बंदी घालून मोकळे झालो. कथा-कादंबरी वाचणे म्हणजे संस्कार आणि गेम खेळणे म्हणजे व्यसन, अशी आमची सोपी वाटणी होती. 2021 मध्ये तिने प्रथम संगणकाचा विषय काढला. तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भाव गगनाला भिडले होते. एकीकडे चिपांचा जागतिक तुटवडा, दुसरीकडे इथेरियमसारखे आभासी चलन 'खणण्यासाठी' कार्डे घाऊक भावात उचलणारी मंडळी. "भाव उतरू देत, मग बघू," असे आम्ही म्हणालो. वाचकहो, कबूल करतो, ते भाव चढे होते याचा आम्हांला आनंदच झाला होता. नकार आमचा होता. तो बाजाराच्या तोंडून वदवता आला, इतकेच.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांनी खणण्याचे काम संपले, आणि भाव खरोखरच उतरू लागले. कन्या महिन्याकाठी एकदा किमतींचा आलेख आम्हांला दाखवी. काही बोलत नसे. आमच्यापाशी निमित्त उरले नव्हते, पण पैसेही नव्हते. कारण आमच्यापैकी एक जण कायम सेवेत असला, तरी दुसरी चौदा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. जितके तास घ्यावे तितके मानधन, सुट्टीत काही नाही. आणि तेही महाविद्यालयाच्या सोयीने, कधी वर्षाने, कधी दीड वर्षाने. 2023 च्या ऑक्टोबरात असेच दीड वर्षाचे थकलेले मानधन एकदम जमा झाले. जिचे ते पैसे होते तिनेच त्यातले पंच्याहत्तर हजार बाजूला काढले आणि म्हणाली, "पोरीचा संगणक होऊन जाऊ दे."

पैसे ज्या कष्टांचे होते ते पाहता ते कसे खर्च होतात यावर आमची नजर असणे साहजिक होते. आमची अपेक्षा होती की कन्या सर्वांत भारी वस्तूंची नावे लिहून आणेल. तिने आधी प्रश्न मांडला तो पडद्याचा. 1920 बाय 1080 चा पडदा घेतला तर त्यावर 20,73,600 बिंदू येतात. 2560 बाय 1440 चा घेतला तर 36,86,400, म्हणजे पावणेदोन पटींहून जरा जास्त. खेळातले प्रत्येक चित्र म्हणजे हे सगळे बिंदू नव्याने रंगवणे, आणि सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे सतरा मिलिसेकंद मिळणार. पडदा लहान ठेवला की रंगवण्याचे काम कमी होते, कार्ड स्वस्तातले चालते आणि वाचलेला पैसा दुसरीकडे लावता येतो. तिला जो खेळ सर्वांत जास्त खेळायचा होता, 2022 साली आलेला 'एल्डन रिंग', त्यात निर्मात्यांनीच सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातलेली आहे. त्याहून ताकदवान कार्ड त्या खेळापुरते वायाच जाणार.

मग प्रोसेसर. खेळात काय घडते आहे याचा हिशेब प्रोसेसर करतो, ते दिसते कसे हे कार्ड रंगवते. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या चालीने दुसऱ्याला चालावे लागते. याला ती 'बॉटलनेक' म्हणत होती. बैलजोडीतला एक बैल दमला की दुसऱ्याच्या ताकदीला अर्थ उरत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आमच्यापैकी एकाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. तिने रायझन 5 5600 निवडला होता: सहा कोअरचा, 2022 सालचा. त्याचा एएम4 हा सॉकेट मावळतीला लागलेला होता आणि नवा एएम5 बाजारात आलेला होता, हे तिला ठाऊक होते. पण नव्या सॉकेटला नव्या जातीचीच रॅम लागते, मदरबोर्डही महाग पडतो. "भविष्यासाठी आज पैसे अडकवायचे, आणि आज मात्र खेळायला काही उरायचे नाही," असे तिचे म्हणणे. आयुर्विम्याचे हप्ते भरत आलेल्या आम्हांला यावर बोलण्यासारखे फारसे नव्हते.

रॅम सोळा गीगाबाइट, पण एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन. कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. साठवणीसाठी एक टेराबाइटची एसएसडी. कार्ड रेडिऑन आरएक्स 6600. आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस, साडेपाचशे वॅटचा, नामांकित बनावटीचा, किंमत चार हजार नऊशे.

येथे आम्ही अडलो. तोवर आम्हीही थोडेफार वाचले होते, आणि अर्धवट वाचणाऱ्याला असतो तेवढा आत्मविश्वास आमच्यात आला होता. आरटीएक्स 4060 हे त्याच वर्षी आलेले कार्ड साडेआठ हजारांनी महाग होते. मुलीला एकदाच घ्यायचे तर ते द्यावे, असे आमच्या मनाने घेतले. पैशांची वाटही आम्ही काढली. एसएसडी निम्मी करायची, रॅमची एक पट्टी कमी करायची, आणि वेगळा एसएमपीएस न घेता कॅबिनेटबरोबर जो फुकट मिळतो तोच वापरायचा. शेवटची सूचना आम्हांला सर्वांत बिनतोड वाटत होती. कार्ड दिसते, त्याचे नाव सांगता येते. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी झाकलेला, चित्र रंगवण्यात त्याचा काडीचा वाटा नाही. त्यावर पाच हजार कशाला?

कन्येने कार्डाचा मोह आवरला आणि एसएमपीएसवर अडून बसली. प्रोसेसर पासष्ट वॅटचा, कार्ड एकशे बत्तीसचे. सगळे मिळून अडीचशेच्या आसपास. तेव्हा साडेपाचशे पुरेसेच होते. प्रश्न आकड्याचा नव्हताच. स्वस्त एसएमपीएसच्या अंगावर आकडा मोठा असतो, पण कार्डाला आणि प्रोसेसरला ज्या बारा व्होल्टच्या वाहिनीतून वीज जाते, तिच्यावर तेवढी ताकद असेलच असे नाही. दाब वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर आपणहून बंद होण्याची सोय त्यात धड असतेच असे नाही. पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी वीज दिवसातून कितीदा जाते-येते, हे तिने आम्हांला सांगायची गरज नव्हती. तरी तिने एक वाक्य सांगितलेच:

"बाबा, बाकीचा कुठलाही भाग गेला तर एकटा जातो. हा जाताना सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो. आणि लोक पैसे वाचवतात ते नेमके इथेच, कारण तो दिसत नाही."

टेबलाभोवती काही क्षण शांतता पसरली. कन्येच्या मनात दुसरे काही नव्हते, याची आम्हांला खात्री आहे. पण ज्यांच्या तासांवर विभागाचे वेळापत्रक उभे असते आणि ज्यांची नावे माहितीपत्रकातल्या प्राध्यापकांच्या यादीत नसतात, अशांपैकी एक त्या टेबलाशी बसलेली होती आणि टेबलावरचे पैसे तिचे होते. "तिचं बरोबर आहे," एवढेच ती म्हणाली. यादी जशी होती तशी कायम झाली.

भाऊबीज उलटल्यावर आम्ही तिघे कर्जतहून लोकलने दादरला आणि तेथून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार सज्जन होता. कॅबिनेट दाखवून म्हणाला, "इसके साथ एसएमपीएस फ्री है." कन्या हसून म्हणाली, "अंकल, वो रहने दीजिए." प्रत्येक भागावरचा क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय ती दुकानातून हलली नाही. एकूण बिल झाले त्र्याहत्तर हजार नऊशे. उरलेल्या अकराशे रुपयांत तिघांचे जेवण आणि परतीचा प्रवास झाला.

जुळणीला दुसऱ्या दिवशीची सबंध दुपार गेली. संध्याकाळी कळ दाबली, पंखे फिरले, आणि पडदा काळाच राहिला. चाळीस मिनिटे तारा तपासल्या, रॅम काढून पुन्हा बसवली. आमच्या तोंडावर "तरी सांगत होतो" हे वाक्य येऊन थांबले होते. ते थांबले, हे बरे झाले. कारण चूक निघाली ती आमच्यापैकीच एकाची: पडद्याची तार कार्डाला न जोडता मदरबोर्डाला जोडली गेली होती, आणि या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढण्याची सोयच नाही. तार बदलली आणि पडदा उजळला. रॅम मूळच्या कमी वेगाने चालते आहे असे पाहून कन्येने सेटिंग बदलले, तेव्हा कुठे ती आपल्या पूर्ण वेगावर आली.

त्या रात्री आम्ही तिला खरे काय ते सांगितले: 2021 मध्ये अडचण भावांची नव्हती, आमची होती. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माहीत होतं मला. म्हणून तर दर महिन्याला आलेख दाखवत होते." मग तिने आमच्यासाठी दोन खुर्च्या ओढल्या. पहिल्यांदाच आम्ही ती काय पाहते ते तिच्या शेजारी बसून पाहिले, आणि दोन तासांत एकदाही 'पुरे' म्हणालो नाही.

आज ती शिकायला परगावी असते. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की सामान्य ग्राहकाच्या वाट्याला येणारी मेमरीच महागली. तेव्हा तिचा फोन आला: "वाढवायची राहिलीच की आपली रॅम!" आता पुन्हा भाव उतरण्याची वाट पाहायची आहे, या खेपेला आम्हीही मनापासून पाहतो आहोत.

यंत्र घरीच आहे. त्यावर आमच्यापैकी एक जण उत्तरपत्रिकांचे गुण भरतो आणि दुसरी आपला प्रबंध टंकते. तीन पावसाळे झाले. वीज जाते, येते, आणि ते पुन्हा सुरू होते. तासिका तत्त्वावरचे नेमणूकपत्रही दर वर्षी नव्याने येते, काही महिन्यांपुरते. असो. ती यादी आम्ही जपून ठेवली आहे. तिच्यात एसएमपीएसच्या ओळीखाली पेन्सिलीची एक रेघ आहे. ती कोणी मारली, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलेले नाही.