पन्नास घोड्यांची मसल कार

काँटेसाला हल्ली 'भारताची मसल कार' म्हणायची रीत पडली आहे. लांबलचक बॉनेट, चौकोनी बांधा, रस्त्यावर पसरून बसलेली गाडी. फोटोत पाहिली तर कुणालाही पटावं. अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने 1964 साली जीटीओ काढली आणि मसल कार नावाचा प्रकार खऱ्या अर्थाने रूढ झाला. तिच्या बॉनेटखाली 389 घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन होतं आणि ताकद होती 325 हॉर्सपॉवर. त्यानंतर वीस वर्षांनी, 1984 मध्ये, हिंदुस्थान मोटर्सची पहिली काँटेसा बाजारात आली, तेव्हा तिच्यात होतं अँबॅसडरचंच 1489 सीसीचं इंजिन. ताकद पन्नासच्या आसपास. पैलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज बसवावं, तसा तो प्रकार होता.

आमच्याकडे आहे ती हीच कारकुनी काळजाची काँटेसा. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन घालून 'क्लासिक' आली, ती नव्हे. ही मामांनी 1986 मध्ये घेतली आणि हात चालत होते तोवर स्वतःच चालवली. मामा गेल्यावर ती बडोद्यातल्या प्रतापनगरच्या बंगल्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. शेवटी मामीच एकदा म्हणाली, "गाडी तू घेऊन जा बाबा. भंगारवाला दारावरून हलत नाही, आणि मला त्याला हो म्हणवत नाही." टो करून ती कारेलीबागेत आमच्या पोर्चमध्ये आणली. पोर्च तिला आखूड पडला.

गाडी सुरू होत होती, पण निळा धूर सोडायची आणि पेट्रोलबरोबर ऑइलही प्यायची. कॉम्प्रेशन गेज लावलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा काटा सगळ्यांत खाली थांबला. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा चांगलाच वर चढला. याचा अर्थ सरळ असतो. गळती व्हॉल्व्हची असती तर ऑइलने फरक पडला नसता; ऑइलने काही वेळ फट बुजवली, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती गेल्या आहेत. वरवरच्या दुरुस्तीने भागणार नव्हतं. फुल इंजिन काम करायला हवं होतं.

ज्याला विचारावं त्याचा सल्ला एकच: "हे काढून टाका, डिझेल घाला." दुसरे म्हणत, इसुझूचंच जुनं इंजिन मिळतं का बघा. सल्ला चुकीचा नव्हता. गाडी मुंबईच्या रस्त्यावर रोज पळवायची असती तर मीही तेच केलं असतं. पण या इंजिनाची कुळकथा मला सोडवत नव्हती. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' घराणं. 1947 च्या ऑस्टिन ए40 मध्ये ते 1200 सीसीचं होऊन आलं. पुढे 1489 सीसीचं होऊन मॉरिस ऑक्सफर्डमध्ये गेलं, एमजीए नावाच्या देखण्या स्पोर्ट्स कारमध्येही गेलं, आणि आपल्याकडे अँबॅसडर होऊन सरकारी कचेरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं. शिवाय आम्हा बडोदेकरांचा एक चोरटा हक्क त्यावर आहे. हिंदुस्थान मोटर्स म्हटलं की सगळ्यांना बंगालमधलं उत्तरपाडा आठवतं. पण कंपनी 1942 मध्ये निघाली ती ओखा बंदरात, आणि ओखा तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होतं. उत्तरपाड्याला बिऱ्हाड हललं ते 1948 मध्ये. म्हणजे कंपनी जन्माने आमची.

बॉनेट उतरवलं, तिवईला चेनपुली लावली आणि इंजिन गिअरबॉक्ससकट वर उचललं. ओतीव लोखंडाचा तो गोळा दीडशे किलोच्या वर भरतो. तो हवेत लोंबकळत असताना गल्लीतलं क्रिकेट आपोआप थांबलं. शेजारच्या पोरांचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच होता: "काका, आ पाछी चालू थशे के नहीं?" मी मानेने हो म्हणायचो. घरात बायकोने मागचं अंगण मला तोडून दिलं होतं आणि एकच अट घातली होती: रॉकेलचा वास स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येता कामा नये.

इंजिन खोलणं सोपं असतं. अवघड असतं खोललेलं नीट मांडून ठेवणं. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे. त्याच्यावर आठ टॅपेट बसतात आणि आठ लांब पुशरॉड वरच्या रॉकरना ढकलतात. प्रत्येक टॅपेटचा तळ आपापल्या कॅमबरोबर वर्षानुवर्षं झिजून जुळलेला असतो. अदलाबदल झाली की दोघंही एकमेकांना खायला लागतात. म्हणून पुठ्ठ्यात आठ भोकं पाडून एक ते आठ आकडे घातले आणि पुशरॉड ओळीने खोचले. टॅपेट मिठाईच्या खोक्याच्या कप्प्यांत गेले. नटबोल्ट सगळे इंची मापाचे. आजच्या गॅरेजातल्या मिलिमीटरच्या पान्यांनी त्यांची डोकी गोल होतात. मामांचा इंची पान्यांचा संच डिकीतच सापडला, ऑइलने माखलेल्या फडक्यात गुंडाळलेला.

पिस्टन निघाल्यावर सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवलं, तर नखाला एक धार लागली. जुन्या इंजिनाची जन्मपत्रिका इथेच वाचायची. वरची रिंग जिथवर जाते तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत पातळ. त्यामुळे झीज तिथेच जास्त होते आणि वर न झिजलेली कड उरते. खाली जावं तसा बोअर पुन्हा मूळ मापाजवळ येतो. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला जास्त घासल्यामुळे बोअर गोल न राहता किंचित लंबगोल होतो. मूळ माप 2.875 इंच. झीज मोजायची ती थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात.

इथवरचं घरी जमतं. पुढचं काम मकरपुरा जीआयडीसीत. तिथल्या एका मशिनशॉपचे मालक साठीपलीकडचे आहेत, त्यांचे वडील कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन म्हणजे आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी तिथे शिकले हे पुष्कळांना माहीत असतं. पण लेथवर हात बसलेली साधी माणसं कलाभवनाने किती घडवली, त्याची नोंद या मकरपुऱ्याच्या शेडांतून शोधावी लागते. मालकांनी ब्लॉकमध्ये डायल गेज सोडलं, वर, मध्ये, खाली असं फिरवलं आणि म्हणाले, "वीसमां नहीं पते, साहेब. त्रीस पर जवुं पडशे."

तीस म्हणजे तीस थाऊ ओव्हरसाइझ. सिलिंडर एवढा मोठा करायचा की सगळी झीज खरवडून निघेल, आणि मग त्या मापाचा पिस्टन घालायचा. असे दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ मोठे पिस्टन या इंजिनासाठी पहिल्यापासून मिळत आले आहेत. क्रँकशाफ्टचं उलट: त्याचे जर्नल घासून दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ बारीक करायचे आणि तेवढी जाड बेअरिंगं बसवायची. ही मापं कुणा मिस्त्रीने शोधलेली नाहीत. इंजिन ज्यांनी आखलं त्यांनीच ती ठरवून दिली होती. आपली वस्तू झिजणार, आणि झिजल्यावर कुणीतरी ती खोलून बसणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मालकांनी आणखी एक शिस्त लावली: पिस्टन आधी आणा, बोअर नंतर. डब्यावर तीस लिहिलं असलं तरी चार पिस्टन चार केसांनी वेगळे निघतात. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्याच्या त्याच्या मापाचा सिलिंडर करायचा. पिस्टन मिळायला त्रास झाला नाही. अँबॅसडर 2014 पर्यंत निघत होती, त्यामुळे कलकत्त्याचा मल्लिक बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट अजून पावतात. काँटेसाची मागची काच हवी असती तर मात्र माझं काही खरं नव्हतं.

हेडचं काम करताना पेट्रोलचा इतिहास आडवा आला. जुन्या पेट्रोलात शिसं असायचं. त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात गादीसारखा राहायचा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, हवेसाठी ते चांगलंच झालं, पण या इंजिनात बैठका थेट हेडच्या ओतीव लोखंडात कापलेल्या. शिसं गेल्यावर व्हॉल्व्ह ठोकून ठोकून त्यांत रुतत जातात. म्हणून चारही एक्झॉस्टच्या जागी कठीण पोलादाच्या कड्या बसवून घेतल्या. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल येतं. त्याने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही नवे घातले.

व्हॉल्व्ह घासायचं काम मात्र मी मशिनवर दिलं नाही. कडेला चिमूटभर पेस्ट लावायची, दांडीची रबरी चकती व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची आणि ताक घुसळल्यागत ती दांडी दोन तळव्यांत मागेपुढे घोळवायची. अधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा ठेवायचा. सुरुवातीला खर्र असा आवाज येतो. पेस्ट बारीक होत जाते तसा तो मऊ होतो. पुसून पाहिलं की दोन्हींवर राखाडी रंगाची सलग, सारख्या रुंदीची कडी दिसली पाहिजे. मग हेड आडवं ठेवून पोर्टात रॉकेल ओतायचं. व्हॉल्व्हच्या बाजूने एक थेंब झिरपला तरी पुन्हा घोळवायला बसायचं. माझी आई खुर्ची टाकून समोर बसायची आणि रॉकेल ओतलं की माझ्याआधी ती वाकून बघायची.

बांधणी करताना घाई करून चालत नाही. ब्लॉक परत आल्यावर ऑइलच्या सगळ्या वाटांतून ब्रश घालून रॉकेल आणि हवा मारली, कारण बोअर करताना उडालेला लोखंडाचा कीस एवढुसा राहिला तरी नवी बेअरिंगं गेलीच. रिंगांची टोकं सिलिंडरमध्ये घालून फट मोजली. ती आठ ते तेरा थाऊ हवी. कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. क्रँक तीन मेन बेअरिंगांवर बसतो. प्रत्येक कॅप आवळली की तो हाताने फिरवून पाहायचा. जड झाला तर कोणत्या कॅपने जड झाला ते तिथेच कळतं. टायमिंगच्या दोन चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवली. हेडचे नट मधून सुरू करून बाहेर, थोडे थोडे आवळत नेले.

शेवटी टॅपेटची फट. पंधरा थाऊ. इथे मामांनी माझ्या कॉलेजच्या दिवसांत शिकवलेला नऊचा हिशेब कामाला आला. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ आकडे द्यायचे. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची. सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची. सहावा असेल तेव्हा तिसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. पुस्तक उघडायला नको, ऑइलने भरलेल्या हातांनी पानं उलटायला नकोत. मामा पेशाने हिशेबनीस होते, त्यामुळे त्यांना या बेरजेचं भारी कौतुक.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवत ठेवलं, ऑइलचा दाब चढेपर्यंत. मग प्लग लावले. सुरू झाल्यावर मात्र त्याला आळसावून फटफटत ठेवायचं नाही. नव्या रिंगांना आणि टॅपेटना पहिली वीस मिनिटं दीड-दोन हजार फेऱ्यांची चाल हवी, म्हणजे कॅमवर भरपूर ऑइल उडतं. आधी लावलेलं ऑइल जळून एवढा पांढरा धूर झाला की गल्लीतून दोघंतिघं बादल्या घेऊन धावत आले. धूर विरला, आणि इंजिनाला त्याची चाल सापडली.

रनिंग-इन करायला मी हालोलचा रस्ता धरला. बडोद्याहून अंतर माफक, समोर पावागड. शिवाय हालोलला हिंदुस्थान मोटर्सचाच एक कारखाना होता. तो पुढे जनरल मोटर्सकडे गेला, 1996 पासून तिथे ओपल अ‍ॅस्ट्रा निघू लागली, 2017 मध्ये तो बंद पडला आणि आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. काँटेसाचा सांगाडा मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, व्हॉक्सहॉल तेव्हा जनरल मोटर्सची. तेव्हा ही गाडी हालोलवरून गेली म्हणजे एका अर्थी मावशीच्या दारावरून गेली. ट्रकला मागे टाकायचं तर अजूनही लांबून तयारी करावी लागते. पन्नास घोडे पन्नासच राहिले. पण धूर नाही, ऑइलची काठी महिनाभराने पाहिली तरी त्याच खुणेवर, आणि चौथ्या गिअरमध्ये रमतगमत चढ चढते.

बघायला आलेले लोक कौतुकाने म्हणतात, "घरी बांधलंत इंजिन!" अर्धंच खरं आहे ते. खोललं घरी, जोडलं घरी. पण ज्या मापांवर ते उभं आहे ती मापं मकरपुऱ्यात निघाली. जवळपास चांगला ग्राइंडर नसेल, तर घरच्या हौसेचं लोखंडी कपाट होतं. क्रँक या वेळी वीसवर गेला. म्हणजे त्याच्यात अजून दोन घासण्या शिल्लक आहेत. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, ते आमच्या गाडीच्या वाट्याला 2036 मध्ये येईल. तोवर गाडी टिकेल याची मला खात्री आहे. मशिनशॉपची नाही. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांना ओव्हरसाइझ मिळतच नाही, बिघडलं की आख्खा ब्लॉक बदला म्हणतात. मालकांकडे आता येतात ते बहुतेक ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपांचे क्रँक, आणि मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. म्हणून गाडी बघायला जो येईल त्याच्या हातात मी चहाबरोबर त्यांचं कार्डही ठेवतो. घरात जुनी स्कूटर असेल, शेतावर पंप असेल, तर काम तिथे न्या. त्यांचा ग्राइंडर चालू राहिला तरच पुढचे तीस थाऊ माझे.