पेगचे माहेर

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यात, डंक्विन नावाचे खेडे आहे. कड्याच्या काठाशी जाऊन उभे राहावे, तो खाली धक्क्याकडे नागमोडी उतरणारी वाट आणि समोर ग्रेट ब्लास्केट बेट! मधली सामुद्रधुनी दिसते अरुंद. पण १५८८ साली स्पेनच्या आरमारातले ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज हिनेच गिळले.

ह्या डंक्विनमध्ये १८७३ साली पेग सेयर्स जन्मली आणि लग्न होऊन समोरच्या बेटावर गेली. माहेर डोळ्यांसमोर, पण दर्या खवळला की जाणे नाही. होडी तरी कसली? लाकडी सांगाड्यावर ताणलेले डांबरी कापड! बेटावर ना दुकान, ना डॉक्टर. तिची काही मुले लहानपणीच गेली, एक कड्यावरून पडून गेला. बाकीच्यांनी अमेरिका गाठली.

रात्री मात्र शेगडीभोवती गोष्टी रंगत. जवळच्या इनिश विकिलेन बेटावर कुणाला समुद्रावरून अद्‌भुत विलाप ऐकू आला, म्हणे. ती ‘भुतांची धून’ आजही फिडलवर वाजते. काही जण म्हणतात, ते देवमाशांचे गाणे असेल. असेना बापडे!

पेगला आयरिश लिहिता येत नव्हते. अमेरिकेहून परतलेल्या मुलाने, मिहॉलने, तिचे आत्मचरित्र तिच्या तोंडून उतरून घेतले. ते १९३६ साली छापून निघाले. पुढे लोककथा आयोगाचा संग्राहक, डंक्विनच्याच शाळामास्तरांचा मुलगा, तिच्यापुढे बसला आणि त्याने शेकडो गोष्टी टिपून घेतल्या.

१९१६ साली बेटावर १७६ माणसे होती. तरुण पिढी निघून जात राहिली. जानेवारी १९४७ मध्ये एक चोविशीतला तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर पोचला नाही आणि तो दगावला. बेटाचा धीर तेव्हाच सुटला. १९५३ साली सरकारने उरलेल्यांना मुख्य भूमीवर आणले. पेग आधीच माहेरी परतली होती. १९५८ साली ती वारली. डंक्विनच्या दफनभूमीत तिची कबर आहे.

आता बेटावर बिनछपराच्या भिंती उरल्या आहेत. गोष्टी तेवढ्या राहिल्या; कारण कुणीतरी वेळेवर विचारले, “मग पुढे काय झालं?”

परतताना मला आजी आठवली. जात्यावर बसली की तिच्या ओव्या संपत नसत. मी शेजारी बसून नुसते पीठ उडवीत असे. वही घेऊन कधी बसलो नाही.