शांतारामाला गाडी लागते

"कुत्रं गाडीत फार भुंकतं" असा बग आमच्या ऑफिसात कुणी लॉग केला असता, तर पाच मिनिटांत परत गेला असता. कधी भुंकतं? कुठे? गाडी चालू असताना की बंद? दर वेळी की अधूनमधून? नुसतं "चालत नाहीये" लिहिलेल्या बगला कुणी हात लावत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र जो तो डायरेक्ट सोल्युशनवरच येतो. आम्हाला फुकट मिळालेली सोल्युशन्स अशी: दटावा, लाड करा, लाड अजिबात करू नका, तोंडावर पाणी मारा, झोपेची गोळी द्या, आणि आमच्या एका काकांचं सगळ्यात सुटसुटीत, "देऊन टाका कुणाला तरी!"

तर आमच्या कुत्र्याचं नाव शांताराम. (हो, हेच. घरात आल्या आल्या तो सतरंजीवर चार तास गप्प पडून होता, म्हणून बायकोने ठेवलं. घरात तो अजूनही तसाच असतो, त्यामुळे नाव बदलायचं काही कारण नाही.) अस्सल गावठी, तांबूस रंग, एका कानाला खाच. आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या गेटबाहेर राहायचा, तो २०२४च्या सुरुवातीला वर आला आणि राहिलाच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातारला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आई एकटी. तेव्हापासून एक वीकेंड आड सातारा ठरलेलं. वारज्याहून बायपास, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, शिरवळ, खंबाटकी. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅफिक धरून तीन तास कुठे गेले नाहीत. आणि हे तीन तास शांताराम मागच्या सीटवर उभा राहून, या खिडकीतून त्या खिडकीत उड्या मारत, भुंकत. एकदा तर खंबाटकी चढताना, पुढे उसाने भरलेला ट्रक आणि मागे बस अशा अवस्थेत, साहेब दोन सीटच्या मधून थेट गिअरवर आले. बायको गाडी चालवत होती. ती काहीच बोलली नाही, आणि ती काहीच बोलत नाही तेव्हा मामला गंभीर असतो हे लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको.

एकदा त्याला पुण्यातच बोर्डिंगला ठेवून पाहिलं. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. बरं, त्याला न नेण्यात आणखी एक अडचण होती. बाबांना फिजिओथेरपिस्टने बोटं उघडमीट करायला स्पंजचा बॉल दिला होता. तो बॉल टीव्हीवर. बाबा बोटं उघडमीट करायचे ती फक्त शांतारामच्या मानेवर. तो पलंगाला टेकून बसायचा आणि यांचा हात तासभर चालू. आई गुरुवारी फोनवर आम्ही येतोय का हे विचारत नसे, "त्याला आणताय ना?" विचारत असे. तेव्हा "देऊन टाका" हा ऑप्शन बाद होता. आणि घाटात गिअरवर येणारं कुत्रंही परवडणारं नव्हतं.

मग आम्ही जे रोज दुसऱ्यांसाठी करतो ते घरच्यासाठी केलं. लॉग काढला. मी मागे बसायचो आणि मोबाइलवर वेळ, ठिकाण, काय झालं ते लिहायचो. दोन फेऱ्यांचा लॉग समोर ठेवला तर तो एक बग नव्हताच! तीन वेगवेगळे बग एकाच तिकिटात कोंबलेले.

पहिला: भुंकणं गाडी हलायच्या आधीच सुरू होत होतं. पार्किंगमध्ये दार उघडलं की शेपूट पायात, धाप लागलेली, अंग ताठ. ही मस्ती नाही, भीती. आणि त्याचं कारण कदाचित त्याच्या कानावरच होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की खूण म्हणून कानाला खाच करतात. म्हणजे कुणीतरी याला पकडून गाडीत घातलं, ऑपरेशन केलं आणि परत होता तिथे आणून सोडलं. त्याच्या आयुष्यातली पहिली गाडी बहुधा ती. नंतर आमच्या गाडीतून तो गेला कुठे? डॉक्टरकडे. इंजेक्शन. परत डॉक्टरकडे. तुमची आमची कॅब दर वेळी ऑपरेशन थिएटरला जाऊन थांबली असती तर आपणही दारातच ओरडलो असतो.

दुसरा बग हायवेचा. शेजारून मोटरसायकल गेली की हा जिवाच्या आकांताने भुंकणार. पण त्याच्या बाजूने विचार करा. मोटरसायकल येते, हा भुंकतो, मोटरसायकल निघून जाते. पुढची येते, हा भुंकतो, तीही जाते! त्याच्या हिशोबाने सक्सेस रेट शंभर टक्के. असं काम कोण सोडेल? आणि आपण पुढून "ए गप!" म्हणून ओरडलो की त्याला वाटत असणार, चला, हे पण आले मदतीला.

तिसरा बग आईने शोधला. आम्ही पोचलो की त्याची छाती लाळेने चिंब असायची. लॉगमध्येही शिरवळच्या पुढे "ओठ चाटतोय", "जांभया" असं दिसत होतं आणि घाटात एकदा "ओकला". आईने छाती पुसता पुसता सांगून टाकलं, "अरे, याला गाडी लागते. तुझ्यासारखीच." (लहानपणी महाबळेश्वरच्या एसटीत आई माझ्यासाठी लिंबू, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसायची. पिशवीचा उपयोग हमखास व्हायचा. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण असो.) कुत्र्यांनाही गाडी लागते, पिल्लांना तर जास्तच, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून तयार होत असते. बरीच पिल्लं मोठी झाली की यातून सुटतात. पण काहींच्या डोक्यात "गाडी म्हणजे मळमळ" हे समीकरण पक्कं बसतं आणि मग मळमळीच्या आधी भीतीच येते. लाळ, जांभया आणि सारखं ओठ चाटणं ही लक्षणं उलटीच्या बऱ्याच आधी दिसतात. बघणारा हवा.

सगळ्यात सोपा म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात केली. निघायच्या आधी तीन-चार तास खायला बंद, पाणी चालू. खिडकी दोन बोटं उघडी, एसी बेताचा, आणि गाडीतला तो उग्र वासाचा परफ्यूम फेकून दिला. डॉक्टरांनी मॅरोपिटंट नावाची गोळी दिली. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करणारं हे औषध अमेरिकेत २००७ साली कुत्र्यांच्या गाडी लागण्यावर मंजूर झालं. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. घरात आहे म्हणून माणसांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. मी झोपेच्या गोळीचंही विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, एसप्रोमझिनसारख्या जुन्या औषधाने अंग सुस्त पडतं, भीती जात नाही. बाहेरून शांत, आतून तसाच घाबरलेला. ही माहिती मला इतकी वाईट वाटली की तो विषय तिथेच संपला.

मोटरसायकलींवर उपाय एकशे ऐंशी रुपयांचा, मागच्या काचांना जाळीचे पडदे. दिसलीच नाही तर हाकलणार कोणाला? शिवाय छातीचा हार्नेस, जो सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकतो. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही अडकवू नका, जोरात ब्रेक लागला की सगळा हिसका मानेवर येतो. आणि कुत्रं पुढच्या सीटवर नको, एअरबॅग त्याच्या मापाची नसते. हार्नेसमुळे उड्या बंद झाल्याच, पण सीटवर आईची जुनी गोधडी चौघडी करून घातल्यावर तो चक्क बसला. तोवर रेक्झिनवर दर वळणाला घसरत होता बिचारा, बसणार कसा?

खरं काम पहिल्या बगवर. त्याला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत सातारला आम्ही आळीपाळीने एकेकटे एसटीने गेलो, कारण शांतारामला घाबरवणारी एकही फेरी आम्हाला मध्ये नको होती.

ही पद्धत काही नवी नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. मुलगा आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि त्याला घाबरवणार नाही इतपतच हळूहळू जवळ आणायचा. आमचा ससा म्हणजे गाडी. पहिला आठवडा शांतारामचं रात्रीचं जेवण पार्किंगमध्ये, गाडीपासून दहा फुटांवर. मग दाराशी. मग दार उघडं ठेवून मागच्या सीटवर. मग दार बंद. मग इंजिन चालू, गाडी जागेवरच. वॉचमन काका पंधरा दिवस हे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "साहेब, घरात भांडण झालंय का?"

यात एक खूण फार उपयोगी पडली. खूप घाबरलेलं कुत्रं खात नाही. चिकनचा तुकडा नाकासमोर धरला आणि त्याने तोंड फिरवलं, की आपण एक पायरी जास्त चढलो. तेव्हा पुढे ढकलायचं नाही, मागच्या पायरीवर यायचं. इंजिन चालू करण्याच्या पायरीवर आम्ही नऊ दिवस होतो. नऊ दिवस! आमच्या मॅनेजरला हे स्टेटस दिलं असतं तर त्याने प्रोजेक्ट बंद केला असता. तोंड फिरवलं की बायको त्याच्या शेजारी बसून पाठीवर हात ठेवायची. "अशाने भीती वाढते" असं आम्हाला बऱ्याच जणांनी सुनावलं. पण भीती काही तो ठरवून करत नाही, मग लाडाने ती वाढेल कशी?

त्यानंतर गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग पाच मिनिटांवरच्या टेकडीच्या पायथ्याशी. उतरला की अर्धा तास मनसोक्त हुंगायचं. दोन महिन्यांत गाडी एकदाही दवाखान्यासमोर थांबली नाही. डॉक्टरकडे चालत गेलो, दीड किलोमीटर.

गाण्यांचंही सांगतो. बेलफास्टच्या संशोधकांनी २००२ साली आश्रयगृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं होतं. शास्त्रीय संगीतात ती जास्त विसावली, हेवी मेटलवर जास्त भुंकली. शास्त्रीय म्हणजे पाश्चात्त्य हं. आम्ही देशाभिमानाने भीमसेन लावले. तानेला त्याने कान टवकारले आणि झोपला. एका कुत्र्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं, पण मारव्याला तो कधीच भुंकत नाही हेही खरं आहे.

डिसेंबरमध्ये पहिली पूर्ण फेरी केली. खेड शिवापूरला टोलच्या रांगेत थोडं कुंईकुंई, शिरवळला थांबलो. थांबलो की एकाने गाडीपाशी त्याच्याबरोबर राहायचं आणि दुसऱ्याने वडापाव खायचा, मग अदलाबदल. त्याला बंद गाडीत ठेवून दोघांनी जायचं नाही, थंडीतसुद्धा नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली मोजलं होतं, उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी बावीस अंशांनी चढतं आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. खिडकीला फट ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

खंबाटकीत तो गोधडीवर हनुवटी टेकून पडला होता. लाळ नाही. बायको पहिल्यांदाच घाटात गप्पा मारत होती.

घरी आईने दार उघडलं तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला येऊन बसले होते. शांताराम गेला आणि नेहमीच्या जागी टेकला. उजव्या हाताची तीन बोटं आता पूर्ण उघडतात. चौथ्याचं चालू आहे. स्पंजचा बॉल अजून टीव्हीवरच आहे.

आता गोळीही डॉक्टरांना विचारून फक्त घाटाच्या फेरीला देतो. राहिलाय तो एकच बग, वायपर. पहिल्या पावसात लक्षात आलं की दोन सीटच्या मधून त्याला समोरची काच दिसते आणि ते दोन दांडे त्याला अजिबात मान्य नाहीत. सध्या पार्किंगमध्ये कोरड्या काचेवर वायपर चालवून चिकन खायला घालतोय. वॉचमन काकांनी आता विचारणं सोडलंय.