दहा रुपयांवरचं धन

जुना वाडा पाडायला घेतला की मराठवाड्यात पहिली चौकशी सागवानाची किंवा घडीव दगडाची होत नाही. ‘काही निघालं का?’ हे आधी विचारतात. परळी वैजनाथही त्याला अपवाद नाही. आता या चौकशीच्या जोडीला मेटल डिटेक्टर आला आहे. पडक्या वाड्याच्या जोत्याभोवती तो फिरवला तर कुणाचं काय बिघडतं, असं बेधडक म्हटलं जातं, आणि मला सलतं ते हेच. बिघडतं, आणि पुष्कळ बिघडतं. धन का पुरलं जाई हे इथे कुणाला सांगायला नको : १९४८ पर्यंत निझामी राजवट, बँक लांब, दरोडेखोर जवळ, शेवटी रझाकारांची धास्ती. चुलीमागे, देवघराखाली, बळदाच्या तळाशी गाडगं ठेवून माणसं गेली. काही परतली नाहीत. त्यामुळे हाती लागतो तो बहुधा हाली सिक्का, चारमिनारचं चित्र असलेला रुपया. त्यात चांदी ८१.८ टक्के, आणि तो फार दुर्मीळही नाही. पण हा मुलूख निझामापासून सुरू होत नाही. धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातलं, अंबाजोगाईत यादवांचे शिलालेख, आणि पलीकडे धाराशिव जिल्ह्यात तेर, म्हणजे सातवाहनांच्या व्यापाराचं तगर. जुन्या गावठाणाच्या पांढरीत कुठला थर कुठल्या थरावर बसला आहे, हे वरून कुणालाच सांगता येत नाही.

यंत्राला तर नाहीच नाही. वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र सोडायचं आणि धातूने दिलेलं उत्तर ऐकायचं, एवढंच त्याचं काम. एकटं नाणं त्याला वीतभर खोलीपर्यंत कळतं. आपल्या बेसाल्टच्या मातीत लोहकण इतके की तेवढंही खात्रीचं नाही, आणि जुन्या घराभोवती खिळे, कड्या, बैलांच्या पत्र्या वाजतात त्या वेगळ्याच. ‘पन्नास फूट खोलीवरचं सोनं दाखवतं’ म्हणून जे विकतात ते यंत्र नव्हे, गंडा आहे. मग खड्डे पडतात ते आवाजामागोमाग, इथे एक, तिथे एक. नाणं बाहेर येतं; ते कोणत्या भांड्यात होतं, शेजारी काय होतं, बाकीची किती होती, हे खड्ड्यातच राहतं.

ही माहिती म्हणजे पंडितांचे चोचले, असं ज्यांना वाटतं त्यांनी जोगळटेंभीचा ठेवा आठवावा. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. क्षहरातांचा वंश बुडवल्याची बढाई नाशिकच्या लेण्यातल्या लेखात आहेच, पण लेखात कुणीही बढाई मारील. शत्रूचा पैसा गोळा करून त्यावर आपली मोहर उठवणं आणि तोच बाजारात फिरवणं, हा पुरावा निराळा. तो एका नाण्यातून मिळत नाही. छाप मारलेली किती आणि न मारलेली किती, या प्रमाणातून मिळतो. ती नाणी शेकडो खिशांत पांगली असती तर प्रत्येकाकडे एक छान नाणं असतं आणि प्रमाण कुणाकडेच नसतं. विदर्भातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये निघालेल्या ठेव्याचंही तसंच. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, आणि पुराणांच्या वंशावळीत ज्यांचं नाव नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांच्यासारखे राजे त्यातून समोर आले. ती नाणी चांदीची नव्हती, सोन्याची तर नव्हतीच. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची होती. सराफाने हातातही घेतली नसती.

इथपर्यंत दोष यंत्राचा आणि ते फिरवणाऱ्याचा, असं म्हणून थांबता आलं असतं. पण कायदा उघडून पाहिला की माझा राग दुसरीकडे वळतो. निखात निधीचा कायदा १८७८ चा, ब्रिटिश हिंदुस्थानचा. परळी तेव्हा निझामाच्या हद्दीत, आणि तिथे फसली सनाच्या १३२२ सालात वेगळा कायदा झाला. पण देशभर दाखला दिला जातो तो १८७८ च्याच कायद्याचा, म्हणून त्याचीच कलमं पाहू. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांच्या वजनाचे चांदीचे रुपये; आज चांदीचं एकच फुटकं नाणंही त्या मर्यादेच्या वर जातं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. जमिनीच्या मालकाने त्यात साथ दिली तर त्यालाही सहा महिने. कळवलं तर वस्तू जमा करायची किंवा जामीन द्यायचा, मग जाहीर नोटीस, मग चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला दाव्यांची चौकशी. कुणी मालक ठरला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक जागामालकाला, हे ऐकायला बरं वाटतं. पण सरकारला वस्तू हवी असेल तर ते कोणत्या दराने घेतं? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा भाग. पुन्हा वाचावं असं हे कलम आहे. ज्या नाण्यांनी विसरलेले राजे परत आणून दिले, त्या तऱ्हाळ्याच्या नाण्यांसारखी नाणी उद्या कुणी प्रामाणिकपणे आणून दिली, तर या हिशेबाने त्याला मिश्रधातूच्या मोडीचा भाव आणि वर एक पंचमांश. बाजारातला संग्राहक त्याच्या कितीतरी पट देईल, आणि प्रश्नही विचारणार नाही. अशा कायद्यासमोर गप्प बसणाऱ्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत मजुरांना सोन्याची २१६ नाणी सापडली. ती उजेडात आली पोलिसांच्या कारवाईतून, कुणाच्या अर्जातून नव्हे. यात नवल काय?

‘वाडा आमचा, पुरणारे आमचे आजे, सरकारचा संबंध काय?’ हा आक्षेप दुबळा नाही. कायद्यालाही तो ठाऊक आहे. पुरणाऱ्याचा वारस असल्याचं दाखवता आलं तर दावा करता येतो. अडचण एवढीच की वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या, आणि गाडगं कुणाच्या आज्याचं ते गाडग्यावर लिहिलेलं नसतं. दुसरा आक्षेप इंग्लंडचा. तिथे हा छंद उजळ माथ्याने चालतो. १९९२ मध्ये हॉक्सन गावात एरिक लॉज हा गृहस्थ शेतात हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन गेला, त्याला रोमन ठेवा लागला, आणि त्याने खणणं थांबवून कळवलं. जवळपास पंधरा हजार नाणी थरासकट नोंदली गेली. तो थांबला याचं श्रेय त्याचंच. पण त्याला बाजारभावाच्या हिशेबाने बक्षीस मिळालं, हेही तितकंच खरं.

आणि यंत्राची बाजू घ्यायची तर आणखी एक. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते ७४ मध्ये जे खून पडले त्यांत गुप्तधनाची हाव होती. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनासाठीच्या अघोरी प्रकारांची नोंद करावी लागली. यंत्राला पायाळू माणूस लागत नाही, बळीही लागत नाही. शिवाय जेसीबी एका सकाळी वाडा आणि त्याखालची पांढरी उचलून प्लॉटच्या भरावात टाकतो, त्याला कुणी काही विचारत नाही. त्या ढिगाऱ्यावर जाणत्या माणसाने डिटेक्टर फिरवला तर वाचेल ते थोडं का होईना वाचेल, असं मला आता वाटू लागलं आहे, वर जे लिहिलं त्याच्या उलट असलं तरी.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, शेतांतून गोळा केलेल्या वस्तूंवर आज तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. त्यांतल्या बहुतेक वस्तूंचा थर नोंदलेला नाही. माझ्या युक्तिवादाच्या कसोटीला तो संग्रह उतरत नाही, आणि तो नसता तर तेरविषयी आपल्याला पुष्कळ कमी कळलं असतं. परळीत वाडा पाडायची परवानगी देतानाच पायाच्या मातीवर चार दिवस जाणकार नेमायची अट घालता येईल, सापडलेल्याची जागेवर पावती देता येईल, मोडीऐवजी बाजाराचा भाव देता येईल. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तर नवा कायदाही लागू नये.